एकच मार्कमेमो तीनदा

परवा रात्री बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "का रे दादा, पोराला परत एकदा दहावीला बसवता येतंय का?"

मला आधी वाटलं ही चेष्टा करतेय. पोरगा विशीला आलेला. फिटरचा दोन वर्षांचा आयटीआय झालेला, तोही शहाऐंशी टक्क्यांनी. त्याला पुन्हा दहावीत कशाला बसवायचं? तर ती चेष्टा करत नव्हती. शिकाऊ उमेदवारीच्या एका यादीत, म्हणजे आपण ज्याला अप्रेंटिस म्हणतो त्या यादीत, त्याचं नाव दुसऱ्यांदा आलं नव्हतं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की दहावीचे मार्क वाढल्याशिवाय येणारही नाही. आणि सांगणारा खोटं सांगत नव्हता. श्रेणीसुधारची मुदत केव्हाच संपून गेली हे मी तिला सांगितलं, फोन ठेवला, आणि झोप काही आली नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. रागात लिहितोय, तेव्हा नातेवाईक मंडळींनी आधीच माफ करावं. (तुमच्यावरही येणार आहे मी, थोड्या वेळाने.)

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. आयटीआय झालेल्या पोराने एखाद्या कारखान्यात, रेल्वेत, एसटीच्या कार्यशाळेत वर्षभर प्रत्यक्ष काम शिकायचं, त्याबद्दल त्याला विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळतं. कल्पना उत्तम आहे. आयटीआयच्या शेडमध्ये लेथ कसं चालतं ते कळतं, पण पाळीतलं काम, साहेबाचा ओरडा, तीन वाजता बिघडलेलं मशीन चार वाजता चालू करून देणं, हे तिथे कळत नाही. ते कारखान्यातच कळतं.

आता निवड कशी होते ते बघा. २०२४ च्या डिसेंबरात दक्षिण मध्य रेल्वेची जाहिरात आली होती. आपला नांदेड विभाग याच रेल्वेत येतो, त्यामुळे आमच्या भागात ती घरोघर फिरली. एकूण जागा ४२३२. त्यातल्या एकट्या फिटरच्या १७४२! इतक्या जागा पाहून नांदेडच्या नेट कॅफेंत पोरांच्या रांगा लागल्या. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के, दोन्हींना सारखंच वजन, त्यांची सरासरी काढायची आणि मेरिट लावायचं. झालं.

वरवर पाहता यात खटकण्यासारखं काही नाही. मलाही खटकलं नव्हतं. मग भाच्याचा फॉर्म भरताना मी कागदावर आकडेमोड केली. दहावीला सहा विषय, सहाशे मार्क. रेल्वेच्या असल्या यादीसाठी सगळे विषय धरतात. त्यात गणित आणि विज्ञान मिळून दोनशे. उरलेले चारशे कशाचे? मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सामाजिक शास्त्रं. मेरिटमध्ये दहावीचा वाटा निम्मा, म्हणजे पूर्ण मेरिटचा एक तृतीयांश हिस्सा तीन भाषा आणि इतिहास-भूगोलाचा. डब्याच्या चाकाचं बेअरिंग बदलायला माणूस निवडायचाय आणि त्याला विचारतोय काय, तर सोळाव्या वर्षी पत्रलेखनात किती मार्क पडले होते! कानस कशी धरतोस हे विचारणारा मात्र सगळ्या प्रक्रियेत एकही माणूस नाही.

कानशीवरून आठवलं. ज्यांनी फिटरचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं फिटर म्हणजे पाना फिरवणारा. मलाही तसंच वाटायचं. भाच्याने एकदा त्याचा पहिल्या वर्षाचा जॉब दाखवला होता. लोखंडाचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा दात. दोन्ही हॅक्सॉने कापायचे, मग कानशीने घासत घासत एकमेकांत असे बसवायचे की उजेडाकडे धरल्यावर मधून उजेड दिसता कामा नये. जास्त घासलं गेलं की संपलं, लोखंड परत चिकटवता येत नाही. मग नवा तुकडा घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. पहिले दोन महिने त्याच्या हाताला फोड होते, बहीण रोज हळद लावायची. व्हर्निअरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा असतो. हे सगळं त्याने मला जेवताना चपातीच्या तुकड्यांवर समजावून सांगितलं होतं, आणि सांगताना तो जितका बोलला तितका मी त्याला आयुष्यात बोलताना ऐकलेलं नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. २०२३. गावाकडे (अहमदपूर तालुका) सोयाबीनची रास चालली होती, आभाळ भरून आलेलं, आणि मळणी यंत्राचं बेअरिंग गेलं. तालुक्याचा मिस्त्री म्हणाला दोन दिवस लागतील. या पोराने बेअरिंग आणलं. शाफ्टवर जुन्या बेअरिंगने ओरखडे पाडले होते, ते आधी बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ केले. एकाने हातोडा पुढे केला तर म्हणाला, "नाही, मारायचं नाही." मग एका पत्र्याच्या डब्यात तेल तापवून त्यात नवं बेअरिंग बुडवलं. तापल्यावर ते केसभर मोठं होतं आणि शाफ्टवर सहज सरकतं, गार झालं की गच्च बसतं. तेल किती तापवायचं हे तो बोट जवळ नेऊन सांगत होता. दीड तासात यंत्र चालू. रात्री पाऊस आला तेव्हा रास घरात होती.

या पोराला दहावीत एक्कावन्न टक्के आहेत. आयटीआयचे शहाऐंशी. सरासरी साडेअडुसष्ट. यादी त्याच्या खूप वर थांबली.

कुठल्या संस्थेची यादी ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. फॉर्मच्या बाबतीत मात्र एक सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणी अर्जाची फी होती ५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. बेकार पोराच्या शिकाऊ उमेदवारीच्या अर्जावर जीएसटी! असो.

आता त्या एक्कावन्न टक्क्यांबद्दल. पोरगा दहावीला होता २०२२ साली. आठवी संपता संपता शाळा बंद झाली, नववी सगळी मोबाईलवर आणि दहावीही अर्धीमुर्धी. घरात मोबाईल एक, तो वडलांबरोबर शेतात. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, रीतसर. त्याच्या एक वर्ष आधीच्या बॅचचं काय झालं होतं आठवतं? २०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. शाळांनी अंतर्गत मूल्यमापनाने मार्क दिले, राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि ९५७ पोरांना शंभरपैकी शंभर टक्के पडले. त्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांनी काय परीक्षा रद्द करा म्हणून अर्ज केला नव्हता. पण २०२१ चे मार्क आणि २०२२ चे मार्क एकाच यादीत, एकाच मापाने, दशांश चिन्हापर्यंत मोजून शेजारी शेजारी लावले जातात. फिटरने असलं माप घेतलं असतं तर निदेशकाने जॉब फेकून दिला असता.

बरं, त्याआधीच्या मार्कांचं तरी काय सांगावं. आम्हा नांदेडकरांना तर दहावीच्या मार्कांचा इतिहास तोंडपाठ हवा. २०१० च्या सुमारास श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते तेव्हा त्यांनी कॉपीमुक्तीची मोहीम घेतली आणि निकाल धाडकन खाली आला. पुढे तेच राज्यभर नांदेड पॅटर्न म्हणून गाजलं. ज्या मार्कांची ही कथा आपण डोळ्यांनी पाहिली, त्याच मार्कांवर आपण माणसाचा हात जोखतो.

आता तुमच्याकडे वळतो, नातेवाईक मंडळी.

हा पोरगा आयटीआयला गेला तो कसा? आवडीने गेला असं त्याच्या आईला वाटतं, पण मी त्या बैठकीत होतो. एक्कावन्न टक्के ऐकल्यावर सगळे पाच मिनिटं गप्प होते. मग कुणीतरी म्हणालं, "आयटीआयला घाला, दुसरं काय करणार." मान हलवणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. त्याच बैठकीत, त्याच चहावर, दुसऱ्या एका पोराच्या लातूरच्या शिकवणीचं ठरलं. त्याच्यासाठी शेताचा तुकडा गहाण पडला तरी कुणाला वावगं वाटलं नाही. त्याचं आता तिसरं वर्ष चालू आहे नीटचं. त्याला यश मिळो, खरंच मिळो. पण त्याने तिसऱ्यांदा परीक्षा दिली तर ती जिद्द, आणि याने दुसऱ्यांदा अप्रेंटिसचा फॉर्म भरला तर, "अजून कुठं लागला नाही का?"

लातूरचा जो भाग ट्यूशन एरिया म्हणून ओळखला जातो तो उद्योग भवनाच्या आसपासचा. नाव उद्योग भवन, आणि भोवती मैलभर फक्त क्लासेसचे बोर्ड! मी त्या रस्त्याने जातो तेव्हा दर वेळी हसू येतं, आणि मग येत नाही. नांदेडात बाबानगर-भाग्यनगरकडे तेच. लातूर पॅटर्नने खेड्यापाड्यातली हजारो पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली हे मी नाकारत नाही, आमच्या घरातही आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. मार्कांची ही पूजा आता आयटीआयच्या शेडमध्ये शिरली आहे. म्हणजे बघा, दहावीत मार्क कमी पडले म्हणून पोराला आयटीआयला पाठवायचं. तिथे कुठला ट्रेड मिळणार हे दहावीच्याच मेरिटवर. दोन वर्षं तो हाताने स्वतःला सिद्ध करतो. बाहेर पडून अप्रेंटिसला अर्ज केला की पुन्हा समोर तोच मार्कमेमो. आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल एकच्या भरतीत वीस टक्के जागा राखून असतात. २०१९ च्या भरतीत १,०३,७६९ पैकी २०,७३४ जागा तशा होत्या. म्हणजे जो दहावीच्या मार्कांमुळे अप्रेंटिसला लागला नाही, तो या वीस टक्क्यांतूनही बाद. एकच मार्कमेमो तीनदा आडवा येतो. चोरालासुद्धा एका गुन्ह्याची शिक्षा एकदाच होते हो!

या वीस टक्क्यांची किंमत पोरांना बरोबर कळते. २० मार्च २०१८ ला मुंबईत दादर-माटुंगा दरम्यान अप्रेंटिस झालेली पोरं रुळावर उतरली होती, सकाळच्या गर्दीच्या वेळी लोकल बंद पडल्या होत्या. मुंबईकरांनी त्या दिवशी त्यांना काय काय म्हटलं ते आठवत असेल. कायद्यात साफ लिहिलेलं आहे की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी, आणि शिकवणाऱ्याने त्याला नोकरी द्यायलाच हवी असंही नाही.

पैशांचंही एकदा सांगून टाकतो. २०१९ च्या नियमांत आयटीआयच्या पोराचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. सव्वीस दिवसांनी भागा, रोजचे २६९ येतात. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीवर आपल्या राज्यात दिवसाला २९७ मिळत होते. खड्डा खणणाऱ्याला जास्त मिळू नयेत असं माझं म्हणणं मुळीच नाही, पण दोन वर्षं शिकलेल्याला कमी का? २०२४ च्या त्या 'लाडका भाऊ' योजनेतसुद्धा आयटीआयवाल्याला ८,००० होते. केंद्रीय शिकाऊ परिषदेने २०२५ मध्ये ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे कमी आहे हे त्यांनाही पटलेलं दिसतं. खाजगी कारखान्यांचं काय, असं विचाराल तर तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच असतात. नाही घेतले तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने पाचशे, नंतर हजार रुपये महिना दंड. सात हजार देऊन पोरगा घ्यायचा की हजार देऊन गप्प बसायचं, हा हिशोब आमच्या डाळमिलच्या मुनीमालासुद्धा तोंडी येईल.

पण पैसा हा माझा मुख्य मुद्दा नाही. भाचा पाच हजारांवरही गेला असता.

मागे एका ओळखीच्या साहेबांशी यावर वाद झाला. (रिटायर आहेत, भला माणूस.) त्यांचं म्हणणं असं की, अर्ज इतके येतात की प्रत्येकाची हाताची परीक्षा घेणं शक्य नाही. दुसरं, मार्क कमीत कमी निःपक्ष तरी असतात. प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली की वशिला आला, पाकीट आलं, आमदाराचं पत्र आलं. आणि तिसरं, आयटीआयच्या प्रात्यक्षिकाचे मार्क काय लायकीचे असतात हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा मला बरेच दिवस गप्प करून गेला. खरंच आहे ते. आपल्याकडे जिथे माणूस ठरवतो तिथे माणसाला गाठता येतं. गरिबाच्या पोराला मार्कांचाच आधार वाटतो, आणि तो आधार काढून घ्या म्हणताना माझीही जीभ अडखळते. पण मार्कही काही देवाने लिहिलेले नसतात. २०२४ च्या नीटचा तपास लातूरपर्यंत येऊन पोचला होता, हे विसरलात? शिवाय फिटरची परीक्षा ही निबंधाची परीक्षा नाही. एक तुकडा द्या, एक ड्रॉइंग द्या, चार तास द्या. तुकड्यावर नाव नको, नंबर ठोका. मापणारा दुसऱ्या जिल्ह्याचा. गेज आत गेला की पास, नाही गेला की नापास. तिथे वशिला घालायचा कुठे? व्हर्निअरला आमदाराचं पत्र वाचता येत नाही.

आणि अर्ज जास्त येतात म्हणता, तर मार्कांवरून जागांच्या पाचपट पोरं आधी निवडा, नंतर परीक्षा घ्या. मार्क अजिबात बघू नका असं मी म्हणतच नाही. फिटरला दशांश अपूर्णांक यायला हवेत, ड्रॉइंग वाचता यायला हवं. गणिताचे मार्क बघा, विज्ञानाचे बघा, आयटीआयचे बघा. राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत, रविवारी त्यांची शेडं बंदच असतात. प्रत्येक जिल्ह्यात बीटीआरआय नावाचं केंद्र याच शिकाऊ उमेदवारांसाठी आहे. (पूर्ण नाव 'मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र'. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मराठीत पैकीच्या पैकी असणार.) खर्च म्हणाल तर एक लोखंडी पट्टी आणि हॅक्सॉचं एक पातं.

तिसऱ्या मुद्द्याला तर मी साहेबांना तिथेच धरलं. आयटीआयच्या प्रात्यक्षिकाच्या मार्कांवर सरकारचाच विश्वास नाही, म्हणून सरकार दहावीचे मार्क निम्म्याने मिसळतं, असाच ना याचा अर्थ? मग ती परीक्षा नीट घ्या की! ती घेणारं खातंही सरकारचंच आहे. जर्मनीत बऱ्याच कारखान्यांत शिकाऊ पोराला घ्यायच्या आधी दोन-चार दिवस कामावर बोलावून बघतात, हात कसा चालतो, वेळेवर येतो का, विचारतो का. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने त्यांच्या बाडेन-वुर्टेंबर्गशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. तिथे पाठवायला आपल्याला कुशल हात हवेत, आणि इथे ते शोधायचे कसे, तर दहावीच्या हिंदीवरून.

लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झालं, तेव्हा भाचा सहावीत होता. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला तेव्हा नववीत. आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी फिटर आणि वेल्डर घेतलं ते त्या कारखान्याकडे बघून. हरंगुळचं ते शेड बसमधून दिसलं की तो अजून खिडकीकडे सरकतो.

सध्या तो चाकणला आहे, ठेकेदाराकडे. बारा तासांची पाळी, काम खोकी उचलायचं. हातात कानस नाही. फोनवर एकदा म्हणाला, "मामा, इथलं एक कन्व्हेअर कडकड वाजतंय बगा, बेअरिंगच गेलंय त्याचं. मी सांगितलं सुपरवायझरला. म्हणला तू खोके उचल."

बहिणीला मी काल परत फोन केला. दहावीला बसवायचं डोक्यातून काढ म्हणालो. वय चोवीसच्या आत आहे, अजून दोन-तीन जाहिराती येतील, भरत राहू. ती बरं म्हणाली. मग रात्री भाच्याचाच मेसेज आला. नवी जाहिरात निघाली आहे, मूळ कागद पेटीत गावाकडे आहेत आणि त्याला सुटी मिळत नाही.

"मामा, दहावीच्या मार्कमेमोची कलर झेरॉक्स चालंल का?"